बादुआनजिनची पहिली हालचाल: शिकावी कशी?

चीनमधील छांगशा येथील मावांगत्वीच्या, इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेल्या एका थडग्यात रेशमावर रंगवलेला पट सापडला. त्यावर अंग ताणणाऱ्या आणि वाकणाऱ्या ४४ व्यक्तींची चित्रे आहेत. हालचाल, श्वास आणि चित्त यांना एकत्र साधण्याच्या त्याच परंपरेत पुढे सोंग राजवटीच्या काळात ‘बादुआनजिन’, म्हणजे ‘किनखापाचे आठ तुकडे’, हा आठ हालचालींचा संच नावारूपाला आला. आठही हालचाली घाईने उरकण्यापेक्षा पहिलीवरच दोन आठवडे घालवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पावले खांद्यांइतकी दूर व एकमेकांना समांतर ठेवून, गुडघे किंचित सैल सोडून उभे राहावे. बेंबीच्या खाली, पोटाच्या आतल्या भागाला चिनी साधक ‘दानत्येन’ म्हणतात. तेथे लक्ष नेऊन श्वास आपोआप संथ होईपर्यंत थांबावे. मग ओटीपोटापुढे दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून, तळवे वर ठेवून, श्वास घेत हात छातीपर्यंत आणावेत, तेथे तळवे उलटवून आकाशाकडे ढकलावेत आणि नजरही हातांमागोमाग वर न्यावी. कोपरे सरळ झाल्यावर हनुवटी खाली घेऊन नजर समोर आणावी, क्षणभर ताण धरावा आणि बोटे सोडवून, श्वास सोडत, हात दोन्ही बाजूंनी खाली आणताना गुडघे थोडे वाकवावेत. असे सहा वेळा करावे.

चूक बहुधा खांद्यांत होते. हात वर जाताना खांदे कानांना भिडतात, मान आखडते आणि श्वास वरच्या छातीतच अडकतो. असे जाणवले, तर हात थोडे कमी उंच न्यावेत. प्राणायाम करणाऱ्यांना कुंभकाची सवय असते, पण येथे श्वास मुळीच कोंडू नये. ताण धरण्याच्या क्षणीही तो सहज चालू राहावा. हालचाल श्वासापेक्षा लांबली, तर मध्येच एक श्वास घ्यावा.

ही हालचाल ‘सानजियाव’ या धडाच्या तीन विभागांना सुरळीत करते, असे चिनी वैद्यक मानते. आधुनिक शरीरशास्त्रात तसा अवयव नाही, मात्र बरगड्यांमधील स्नायू ताणले जाऊन पाठ मोकळी होते, हे प्रत्यक्ष जाणवते.

शेवटी संचातील आठवी हालचालही जोडावी: टाचा उचलून क्षणभर थांबावे आणि त्या अलगद टेकवाव्यात, सात वेळा. हाडे ठिसूळ झालेल्यांनी किंवा चक्कर येणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये. त्यानंतर तळहात ओटीपोटावर ठेवून, हातांखाली पोट वर-खाली होताना जाणवेपर्यंत स्तब्ध उभे राहावे.