‘कॉलेजला जायचंय’ म्हणण्याआधी

यंदा सुट्टीला बेळगावात आलो तेव्हा टिळकवाडीतल्या ओळखीच्या घरची पंधरा वर्षांची मुलगी भेटली. घरच्यांबरोबर कॅनडाला, ऑन्टारिओत निघालीय. तिचा प्रश्न एकच, ‘दादा, स्वेटर किती नेऊ?’ स्वेटर तिथं मिळतात गं. मी कुठं फसलो ते ऐक.

बाबा उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर होते. त्यांना तिकडं काम मिळालं तेव्हा माझी एसएसएलसी, म्हणजे दहावी, होऊन पीयूसीचं (अकरावी-बारावीचं) पहिलं वर्ष अर्ध्यावर आलं होतं. तिथं मला अकरावीत घेतलं. फेब्रुवारीत नवं सत्र सुरू होतं. पहिल्या दिवशी बेल झाली, सगळे उठून गेले आणि मी पुढच्या सरांची वाट बघत बसलो. आत आली ती निराळीच मुलं. त्यातला एक माझ्या बाकापाशी येऊन नुसता उभा राहिला, कारण ती जागा त्याची होती. तिथं सर वर्ग बदलत नाहीत, मुलं खोल्या बदलतात. हे निभावलं. खरी फजिती आधीच झाली होती.

प्रवेशाच्या वेळी विषय ठरवून देणाऱ्या बाईंनी विचारलं, पुढं काय करणार? मी ऐटीत म्हणालो, ‘कॉलेजला जाणार.’ आपल्याकडं बेळगावात आरपीडी नाहीतर जीएसएस कॉलेजात पीयूसीला नाव घातलं की झालं कॉलेज. तिथं कॉलेज म्हणजे मुख्यतः डिप्लोमा, आणि इंजिनिअरिंगची पदवी युनिव्हर्सिटीत. अकरावीपासून दोन्हींचे विषयही वेगळे. बाईंनी मला कॉलेजचं गणित दिलं. वर्गात चक्रवाढ व्याज चाललेलं, जे आपण आठवीत करतो. मार्क पडत होते, मी खूश! शेजारच्या पोरानं विचारलं, ‘काय होणार?’ म्हटलं, इंजिनिअर. ‘मग इथं काय करतोस?’

तोवर विषय बदलायची मुदत गेली होती. युनिव्हर्सिटीचं गणित उन्हाळ्याच्या सुट्टीत करावं लागलं.

आपण सीमाभागातली माणसं. बसमध्ये, कचेरीत कुणी कन्नडमध्ये सुरू झालं की बिनधास्त ‘गोत्तिल्ला’ (माहीत नाही) म्हणून मोकळे होतो. इंग्रजी मात्र येतं असं वाटतं, म्हणून मान हलवतो. शब्द ओळखीचा वाटला तरी विचारायचं, ‘म्हणजे नेमकं काय?’ लाज बाई दोन मिनिटांची असते, माझा उन्हाळा गेला.

बाकीचं थोडक्यात. लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेव. गोवर, पोलिओ, धनुर्वाताच्या नोंदी आरोग्य खात्याला दिल्या नाहीत तर शाळेतून तात्पुरतं काढण्याचं पत्र येतं. मला आलं होतं. कार्ड खानापुरात आज्जीच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत! मामानं शोधून फोटो पाठवला. बारावीच्या दाखल्यासाठी ४० तास बिनपगारी समाजसेवाही लागते. ती शेवटच्या वर्षावर ढकलू नको, आणि झालेल्या तासांची सही त्याच दिवशी घे.

फोनची वेळ ठरवून टाक. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक. मी सकाळी साडेसातला लावायचो, तेव्हा इकडं संध्याकाळचे सहा, आज्जी देवापाशी दिवा लावून बसलेली. मार्चात तिथली घड्याळं तासभर पुढं करतात, मग माझा फोन इकडं पाचलाच वाजायचा. आज्जीला हे अजून पटलेलं नाही. ती म्हणते, उन्हाळा आला की तुम्हीच लवकर उठता.