दोन चपला ठेवा आणि डिफेन्स शिका

फुटबॉलमध्ये डिफेन्स करताना पहिली गोष्ट म्हणजे बॉल काढून घ्यायला पाय घालायची घाई करू नका. आमच्या बडोद्यात पोलो ग्राउंडवर नाहीतर नवलखी मैदानावर संध्याकाळी पोरं खेळतात ना, त्यात मागे कोणाला उभं करतात, तर ज्याला पुढे कोणी घेत नाही त्याला, आणि तो बिचारा समोरून बॉल येताना दिसला की सुसाट धावत जाऊन पाय मारतो, समोरचा एक कट मारून निघून जातो आणि मग सगळे मिळून गोलकीपरवर ओरडतात.

टीव्हीवरही हल्ली असंच दिसतं म्हणून सगळे म्हणतात की डिफेन्स संपला. थोडं खरंय. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या 2023-24 सीझनमध्ये 1246 गोल झाले, 38 मॅचच्या सीझनमध्ये तोवर एवढे कधीच झाले नव्हते, आणि तिकडे इटलीत बारेसी-माल्दिनी या डिफेंडरांच्या मिलानने 1993-94 मध्ये 34 मॅचमध्ये फक्त 15 गोल खाल्ले होते. पण सगळं डिफेंडरच्या माथी मारू नका राव. 1992 ला बॅकपास, म्हणजे आपल्याच माणसाने पायाने मागे दिलेला बॉल, गोलकीपरने हातात घ्यायची बंदी आली, 1998 च्या वर्ल्ड कपपासून बॉल काढून घ्यायला मागून घातक टॅकल केला की थेट रेड कार्ड, नंतर व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचे निर्णय तपासणं आलं त्यामुळे बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात, शर्ट ओढायचीही सोय राहिली नाही, आणि 2019 पासून गोलकिकचा पास आपल्याच बॉक्समध्ये उभं राहून घेता येतो, म्हणजे डिफेंडर गोलसमोर बॉल घेऊन उभा आणि अंगावर तीन जण धावून येतायत. साहजिकच कोच आधी बघतो की याला पास जमतो का. मग एकास एक अडवायचं कोण शिकवणार? माझं म्हणणं एवढंच आहे की ते मैदानात आपणच शिकू शकतो, त्याला अकॅडमीची फी लागत नाही.

तर, समोरचा बॉल घेऊन येतोय. त्याच्याकडे जोरात जा पण शेवटची तीन-चार पावलं छोटी करा, ब्रेक लावल्यासारखी. इथेच सगळे फसतात, वेगात पोचतात आणि थांबता येत नाही. हात लांब केला तर त्याला जेमतेम लागेल एवढं अंतर ठेवा. छाती सरळ त्याच्यासमोर नको, तिरके उभे राहा, एक पाय पुढे एक मागे, गुडघे वाकलेले, वजन पंजांवर. सरळ उभे राहिलात तर बॉल दोन पायांमधून जाणार, आणि बडोद्यात ते वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. नजर बॉलवरच ठेवा, त्याच्या पायांच्या नाचाकडे बघायचंच नाही, खांदे हलवले तरी हलवू दे.

तिरकं उभं राहण्याचा खरा फायदा वेगळाच आहे, त्याला कुठे जाऊ द्यायचं ते तुम्ही ठरवता. उजव्या पायाचा असेल तर त्याच्या डावीकडे ढकला, नाहीतर मैदानाच्या बाजूच्या लाइनकडे, कारण लाइन हा तुमचा फुकटचा दुसरा डिफेंडर. मग वाट बघा. बॉल त्याच्या पायापासून जरा लांब गेला की तेव्हाच पाय घाला, आणि अर्धवट नाही, अंग मध्ये घालून.

दोघं येतायत आणि तुम्ही एकटे असाल तर लिव्हरपूलचा डिफेंडर व्हॅन डाइकचा 31 मार्च 2019 चा लिव्हरपूल-टॉटनम मॅचमधला प्रसंग शोधून बघा. 1-1 स्कोअर, शेवटची काही मिनिटं, टॉटनमचा सिसोको बॉल घेऊन येतोय आणि बाजूला त्याचाच जोडीदार सोन धावतोय. व्हॅन डाइक बॉलवर गेलाच नाही, मागे सरकत सरकत सोनला जाणारा पासच बंद करून बसला, कारण दोघांत सोनचं फिनिशिंग जास्त धोक्याचं. सिसोकोला शेवटी डाव्या पायाने मारावं लागलं आणि बॉल बारवरून गेला. लिव्हरपूल 2-1 जिंकलं. टॅकल एकही नाही! थोडक्यात, दोघांतला कच्चा कोण ते आधी ओळखा आणि त्यालाच मारू द्या.

प्रॅक्टिस अशी करा. दोन चपला सात-आठ पावलांवर ठेवा, एकाने बॉल घेऊन त्यामधून जायचं, दुसऱ्याने अडवायचं, आणि पहिले पाच सेकंद डिफेंडरने पाय लावायचाच नाही, नुसतं अडवून धरायचं. पोरांना हे फार बोअर होतं, कुरकुर करतात, पण आठवडाभर करून घ्या मग बघा. नंतर बॉल काढून घ्यायची परवानगी द्या.

राहिलं बॉल दुसऱ्या बाजूला असतानाचं, तर मान फिरवत राहा. बहुतेक गोल तेव्हाच खातो आपण, सगळे बॉल बघत बसतात आणि पाठीमागून एक जण आरामात येऊन टॅप करून जातो. तुमचा माणूस आणि बॉल दोन्ही दिसतील असे उभे राहा, नाही दिसले तर एक पाऊल मागे.

बॉक्समध्ये शॉट अडवताना हात अंगाशी धरा. आणि टर्फवर, म्हणजे नकली गवतावर, घसरत जाऊन केलेला स्लाइड टॅकल अजिबात नको, गुडघे सोलून निघतात आणि दुसऱ्या दिवशी स्कूटीवर बसताना पँट चिकटते.