उमऱ्याला चप्पल दारात ठेवू नका

उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला गेलात, तर मस्जिद-अल-हराम या काब्याच्या मशिदीच्या दाराशी रॅकवर चप्पल ठेवून आत जाऊ नका. तवाफ, म्हणजे प्रदक्षिणा, काब्याभोवती होतो खरा, पण त्यानंतरची सई, म्हणजे सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात फेऱ्या, सफापासून सुरू होते आणि सातव्या फेरीला मरवावर संपते. एक फेरी सुमारे ४५० मीटरची, म्हणजे सगळं मिळून तीन किलोमीटरहून जास्त चालणं. पाय भरून आलेले असतात आणि चप्पल राहिलेली असते मशिदीच्या पार दुसऱ्या टोकाला.

माझ्या अम्मीला तसंच अनवाणी बाहेर पडावं लागलं. काब्याभोवतीचा पांढरा संगमरवर भर उन्हातही गार लागतो, पण डांबरी रस्त्यावर आल्याबरोबर तिचे तळवे भाजले. पुढचे दोन दिवस नमाजाला नीट उभं राहवेना.

नाडीची पातळ कापडी पिशवी न्या, चप्पल तीत घालून पाठीला अडकवा. एहराममध्ये, म्हणजे यात्रेच्या बिनशिवलेल्या वस्त्रांत, पुरुषांनाही ती चालते. पिशवी म्हणजे काही अंगात घालायचा कपडा नव्हे. चप्पल साधी, घोटा उघडा ठेवणारी आणि घरी महिनाभर वापरून मऊ झालेली असू द्या. नवी करकरीत नको. आत शिरताना दाराच्या नंबराचा फोटो काढा, चुकामूक झाली तर घरच्यांना तिथेच गाठता येतं.