हार्टबीटसाठी नेटवर्क निवडताना या चुका टाळा

क्लस्टरमधले (एकच सेवा मिळून चालवणाऱ्या गटातले) सर्व्हर, म्हणजे नोड, एकमेकांना सतत 'मी चालू आहे' असं कळवत असतात. या निरोपाला हार्टबीट म्हणतात. तो ठरलेल्या वेळेत आला नाही, की पलीकडचा नोड बंद पडला असं धरलं जातं. तो खरंच बंद पडला की फक्त मधली वाट तुटली, हे अलीकडच्या नोडला कळायला मार्ग नसतो. दोघेही चालू असताना दोघांनी एकमेकांना मेलेलं समजून एकाच डिस्कवर लिहायला सुरुवात केली, तर तो स्प्लिट-ब्रेन. त्यात डेटा खराब व्हायला काही सेकंद पुरतात. म्हणून हार्टबीटच्या वायरी किती आहेत हे मोजण्याआधी, त्या सगळ्या एकदम कशामुळे बंद पडू शकतील ते शोधा.

वायरी दोन, वाट एकच

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. दोन हार्टबीट लिंक आहेत, पण दोन्ही एकाच दोन-पोर्टी कार्डावर. कार्ड गेलं की दोन्ही गेल्या. किंवा कार्डं वेगळी, पण दोन्ही वायरी शेवटी एकाच स्विचमध्ये. किंवा स्विचही दोन, पण दोघांना वीज एकाच पट्टीवरून. दोन व्हीलॅन (एकाच तारेवर सेटिंगने पाडलेले नेटवर्कचे भाग) करून 'दोन नेटवर्क' झाली असं मानणं तर फारच धोक्याचं, कारण खाली तांब्याची तार एकच असते. व्हर्च्युअल मशीनच्या क्लस्टरमध्ये हे आणखी लपून राहतं: मशीनला दोन नेटवर्क कार्डं दिसतात आणि दोन्ही होस्टच्या एकाच खऱ्या पोर्टातून बाहेर पडतात.

कागदावर प्रत्येक लिंकची वाट काढा: कार्ड, पोर्ट, केबल, स्विच, स्विचची वीज, पुन्हा केबल, पलीकडचं कार्ड. दोन्ही वाटांवर एकच नाव जिथे दिसेल, तिथे तुमची दुसरी लिंक संपते.

याचीच आणखी एक फसवी आवृत्ती आहे. दोन वेगळी कार्डं, दोन वेगळे स्विच, सगळं उत्तम, पण दोन्ही कार्डांना एकाच सबनेटमधले (पत्त्यांच्या एकाच गटातले) आयपी दिलेले. मग लिनक्सचं राउटिंग दोन्ही पत्त्यांसाठीची पाकिटं बहुधा एकाच कार्डातून पाठवतं. ओळखायची खूण सोपी आहे: एक केबल काढल्यावर दोन्ही लिंक पडतात आणि दुसरी काढली तर काहीच होत नाही. प्रत्येक लिंकला स्वतंत्र सबनेट द्या.

'बाँडिंग केलंय (दोन पोर्ट जोडून एक केलेत), मग दुसरी लिंक कशाला?' असंही विचारलं जातं. बाँड नेहमीच्या मांडणीत फक्त पोर्टवर सिग्नल आहे का एवढंच बघतो. स्विचचा दिवा लागलेला आहे पण तो पाकिटं पुढे पाठवत नाही, अशा बिघाडात बाँडला काही कळत नाही. कोरोसिंक हे लिनक्स क्लस्टरमधले निरोप सांभाळणारं सॉफ्टवेअर. कोरोसिंक ३ मधला क्रोनोसनेट हा नेटवर्कचा भाग मात्र प्रत्येक लिंकवर स्वतःची पाकिटं पाठवून तपासतो आणि ८ लिंकपर्यंत सांभाळतो. माझं मत स्पष्ट आहे: बाँड असला तरी क्लस्टरला दुसरी, स्वतंत्र लिंक द्याच.

बँडविड्थ बघणं, उशीर न बघणं

हार्टबीटला बँडविड्थ नगण्य लागते, पण उशीर चालत नाही. तरीही तो बॅकअप, स्टोरेज किंवा लाइव्ह मायग्रेशनच्या (चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवण्याच्या) नेटवर्कवर ठेवला जातो. नोड रोज ठरावीक वेळीच बाहेर पडत असेल, तर त्या वेळी कोणतं मोठं काम सुरू होतं ते आधी बघा. कोरोसिंक २ मध्ये टोकनची (नोडमध्ये फिरणाऱ्या निरोपाची) मूळ मुदत १००० मिलिसेकंद होती, ३.१ पासून ती ३००० आहे. विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये एकाच सबनेटवर दर सेकंदाला एक हार्टबीट जातो आणि सलग १० चुकले की नोड गेला असं ठरतं. मुदत वाढवली की तक्रार थांबते, पण कारण तसंच राहतं आणि नोड खरंच मेला तरी तेवढाच उशिरा कळतो. हार्टबीटला वेगळी शांत लिंक द्या आणि नेहमीचं नेटवर्क दुसरी लिंक म्हणून ठेवा.

दोनच नोड असतील तर थेट केबल चांगली, त्यात स्विचच नाही. मात्र एक नोड बंद झाला की दुसऱ्याच्या पोर्टवरचा सिग्नलही जातो आणि लिनक्सचं नेटवर्क सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर त्या पोर्टवरचा आयपी काढून घेऊ शकतो. त्यात सिग्नल गेल्याकडे दुर्लक्ष करण्याची सेटिंग आहे, ती आधीच लावा.

स्विचमधले छुपे विलंब

जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये चक्र होऊ न देणारी स्विचमधली सोय) पोर्ट चालू झाल्यावर सुमारे ३० सेकंद पाकिटं अडवतं. टोकनची मुदत ३ सेकंदांची असेल, तर फक्त त्या पोर्टवरून जाणाऱ्या हार्टबीटला आशा नाही. सर्व्हरचे पोर्ट एज पोर्ट (ही वाट न बघता लगेच चालू होणारे) म्हणून लावा. मल्टिकास्ट (एकच पाकीट अनेकांना पाठवणं) वापरत असाल आणि क्लस्टर सुरू झाल्यावर काही मिनिटांनीच तुटत असेल, तर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त हव्या त्या पोर्टना देणारी स्विचची सोय) चालू आहे पण कोणाला ते हवंय हे विचारत राहणारा क्वेरियर नाही, असा संशय घ्या. एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) ९००० ठेवला असेल तर तो वाटेतल्या प्रत्येक उपकरणावर आहे का, हे तुकडे न करण्याच्या पर्यायासह ८९७२ बाइटचा पिंग पाठवून बघा. फायरवॉलमध्ये कोरोसिंकच्या पहिल्या लिंकसाठी यूडीपी ५४०५ (कोरोसिंक ३ मध्ये पुढच्या लिंकसाठी ५४०६, ५४०७ असे पुढचे) आणि विंडोजसाठी ३३४३ लागतो.

फेन्सिंगही त्याच स्विचवर

फेन्सिंग म्हणजे बिघडलेल्या नोडला बाहेरून सक्तीने बंद करणं. हार्टबीट आणि सर्व्हरचं आयपीएमआय (सर्व्हर दुरून चालू-बंद करायची सोय) एकाच स्विचवर असतील, तर स्विच गेल्यावर नोड दिसतही नाही आणि त्याला बंदही करता येत नाही. अशा वेळी क्लस्टर सेवा हलवत नाही, नुसता अडकून बसतो. हे योग्यच आहे, पण सेवा बंदच राहते. फेन्सिंगची वाट निदान एका हार्टबीट लिंकपासून वेगळी हवी.

लॉगमध्ये कोरोसिंकची मुख्य प्रक्रिया इतके मिलिसेकंद शेड्यूल झाली नाही, असा इशारा दिसला तर नेटवर्कला हात लावू नका. मशीनच थांबली होती: स्नॅपशॉट, मायग्रेशन किंवा होस्टवरचा ताण शोधा.

चाचणी चुकीची घेणं

इंटरफेस आदेशाने बंद करून चाचणी घेऊ नका. कोरोसिंक २ अशा वेळी लूपबॅकला (मशीनच्या स्वतःच्याच आतल्या पत्त्याला) चिकटतो आणि खऱ्या बिघाडात दिसणार नाही असं काहीतरी दाखवतो. केबल काढा, किंवा फायरवॉलने त्या लिंकचा यूडीपी पोर्ट जाताना आणि येताना, दोन्ही बाजूंनी अडवा. एकेक लिंक तोडून कोरोसिंक-सीएफजीटूल या आदेशाने लिंकची स्थिती बघा, मग एकेक स्विच बंद करा. शेवटी सगळ्या लिंक एकदम तोडा आणि एकच नोड बंद होतो ना, हे पाहा. दोन नोड एकमेकांना एकदमच बंद करत असतील, तर एकाच्या फेन्सिंगला काही सेकंदांचा विलंब द्या आणि तीच चाचणी पुन्हा घ्या.