सरकारी वित्त विभागातल्या नेतृत्वाची शिफारस : फाईल पाठवण्याआधीची तयारी

सरकारी पैशाची व्यवस्था नीट लावणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव पुरस्कारासाठी पाठवायचं ठरलं, की पहिली अडचण येते ती दाखवायचं काय याची. पूल बांधला तर पूल दिसतो, शाळा काढली तर शाळा दिसते. वेळेवर निघालेलं निवृत्तिवेतन, चुकीच्या खात्यात न गेलेलं अनुदान, वर्षअखेरीला न झालेली पळापळ यांचा फोटो काढता येत नाही. हे काम कागदातूनच शोधून काढावं लागतं आणि कागद लवकर सापडत नाहीत. शेवटच्या तारखेच्या तीन-चार महिने आधी कामाला लागा.

सुरुवातीला दोन गोष्टी उरकून घ्या. निकष शब्दन् शब्द वाचा आणि पुरस्कार नेमका कशाचा आहे ते बघा. अमेरिका आणि कॅनडातल्या सरकारी वित्त अधिकाऱ्यांची संघटना १९४५ पासून उत्तम वार्षिक वित्तीय अहवालासाठी प्रमाणपत्र देते. तो मान अहवालाचा, म्हणजे संस्थेचा. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयातले अधिकारी डोनाल्ड स्कँटलबरी यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत दिला जाणारा पुरस्कार मात्र व्यक्तीला मिळतो. नेतृत्व सातत्याने केलं का, आणि झालेली सुधारणा मुख्यतः याच माणसामुळे झाली का, हे तिथे पाहतात. संस्थेच्या मानासाठी जमवलेली कागदपत्रं व्यक्तीच्या शिफारशीला जोडली की फाईल जाड होते, पण त्यात माणूस सापडत नाही. दुसरी गोष्ट, ज्यांचं नाव पाठवायचं त्यांची संमती घ्या. त्यांच्याविरुद्ध चौकशी चालू आहे का, हितसंबंधांचा काही प्रश्न आहे का, हे आस्थापना शाखेकडून लेखी मागवा. मागताना संकोच वाटतो, तरी मागवा. निवड झाल्यावर असं काही निघालं तर त्यांचीच जास्त नाचक्की होते.

आता जुने आकडे. अधिकारी रुजू झाले त्या महिन्याची स्थिती एका पानावर मांडा. बिल आल्यापासून पैसे अदा होईपर्यंत किती दिवस लागत होते? बँकेचं विवरण आणि रोकडवही यांच्या ताळमेळात किती नोंदी जुळत नव्हत्या? उचंत खात्यात, म्हणजे कोणत्या लेखाशीर्षात (हिशेबाच्या सदरात) टाकायची ते ठरेपर्यंत रक्कम तात्पुरती ठेवतात त्या खात्यात, किती रक्कम पडून होती आणि कधीपासून? लेखापरीक्षणाचे किती आक्षेप प्रलंबित होते? वर्ष संपल्यावर वार्षिक लेखे किती महिन्यांनी पूर्ण होत होते? हेच पाच आकडे आजचे काढा आणि शेजारच्या रकान्यात लिहा. एवढं एक पान नीट जमलं तर निम्मी शिफारस झाली, असं मी अनुभवाने म्हणते.

जुनी आकडेवारी नव्या संगणक प्रणालीत मिळणार नाही हे धरूनच चाला. ती कपाटात असते. मी तयार केलेल्या एका शिफारशीचा सगळा पुरावा शेवटी पिवळ्या पडलेल्या ताळमेळ पत्रकांच्या गठ्ठ्यात मिळाला. सर्वांत जुन्या पत्रकात न जुळलेल्या नोंदींची एकोणीस पानं होती. पहिल्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, ‘रोज दहा. शुक्रवारी मला दाखवणे.’ त्याखाली तारखा, एकेका शुक्रवारच्या, प्रत्येकीपुढे लहानशी सही. समास भरल्यावर तारखा पानाच्या मागे गेल्या होत्या. गठ्ठ्यातल्या शेवटच्या पत्रकात नोंदींचं अर्धं पान उरलं होतं. तोवर मी आठ पानांचा गौरवपर मजकूर लिहून ठेवला होता. त्यातली सहा पानं काढली आणि समासात तारखा असलेल्या त्या पहिल्या पानाच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत जोडली.

आकडे सुधारलेले दिसले की लगेच हुरळून जाऊ नका. मोजायची पद्धत पूर्वीचीच आहे ना, ते तपासा. उचंत खात्यातली रक्कम कमी झाली ती योग्य लेखाशीर्षात गेल्यामुळे, की दुसऱ्या कुठल्या ठेव खात्यात ढकलल्यामुळे? आक्षेप खरोखर निकाली निघाले, की दहा आक्षेप एकत्र करून एक केला? बिलाचे दिवस आवक झाल्या तारखेपासून मोजलेत, की मंजुरीच्या तारखेपासून? निवड समितीत असे लोक असतात ज्यांचं आयुष्य याच तपासणीत गेलेलं असतं. एक आकडा फसवा निघाला की बाकीच्या चार खऱ्या आकड्यांवरही त्यांचा विश्वास राहत नाही.

लेखापरीक्षकाच्या अभिप्रायाबद्दल लिहाल तेव्हा शब्द जपून वापरा. अभिप्राय चार प्रकारचे असतात: निर्दोष, सशर्त (काही मुद्दे सोडले तर लेखे बरोबर), प्रतिकूल, आणि अभिप्राय देण्यास असमर्थता. शेवटच्या प्रकारात परीक्षकाला मत बनवण्याइतका पुरावाच मिळालेला नसतो. तिथून सशर्त अभिप्रायापर्यंत आणणं हे माझ्या मते फार मोठं काम आहे. पण शिफारशींत ते लाजून लपवलेलं दिसतं, कारण ‘निर्दोष’ हा शब्द मिळालेला नसतो. लपवू नका, पायरी-पायरीने सांगा. उलट निर्दोष अभिप्राय मिळाला असेल तर त्याचा फुगवून अर्थ लावू नका. लेखे वास्तव चित्र दाखवतात, एवढंच तो सांगतो. पैसा शहाणपणाने खर्च झाला की नाही हा वेगळा प्रश्न आहे, त्याला वेगळा पुरावा लागतो. आणि त्या परीक्षकांकडेच शिफारसपत्र मागायला जाऊ नका. त्यांनी तपासणी होणाऱ्या कार्यालयापासून स्वतंत्र राहावं हे तत्त्व लेखापरीक्षण संस्थांच्या जागतिक संघटनेने १९७७ च्या लिमा जाहीरनाम्यात स्पष्ट मांडलं आहे. प्रसिद्ध झालेल्या अहवालातला परिच्छेद क्रमांक द्या, तेवढं पुरतं.

तुमच्या शासनाचं ‘पेफा’ मूल्यमापन, म्हणजे सरकारी खर्च आणि वित्तीय उत्तरदायित्व यांची आंतरराष्ट्रीय चौकटीतली तपासणी, झालं असेल तर त्याचा आधार घ्या. जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, युरोपीय आयोग आणि काही देशांच्या सरकारांनी मिळून २००१ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. २०१६ च्या चौकटीत ३१ निर्देशक आहेत आणि प्रत्येकाला ए ते डी अशी श्रेणी मिळते. त्यातला २७ वा निर्देशक मुख्यतः बँक ताळमेळ, उचंत खाती आणि अग्रिम (आगाऊ दिलेल्या रकमा) यांचा आहे, म्हणजे आकड्यांच्या वरच्या पानाशी थेट जुळणारा. फक्त आपल्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीतले निर्देशक घ्या. श्रेणी अख्ख्या व्यवस्थेची असते, ती एका माणसाच्या नावावर चढवू नका.

मग येतो सर्वांत अवघड प्रश्न: यात या माणसाचं काय? हे पद दुसऱ्या कुणाकडे असतं तरी जे झालंच असतं, ते वगळा. नवी प्रणाली वरून येणारच होती. पण जुन्या वह्या अमुक तारखेला बंद होतील असं कुणी ठरवलं, त्या आठवड्यात अडलेली बिलं स्वतः बसून कुणी मार्गी लावली, टीका कुणी अंगावर घेतली, ते लिहा. त्या दिवसाची टिपणी शोधा, बैठकीचं इतिवृत्त शोधा. तरतूद नसताना आलेली मागणी कारणं देऊन परत पाठवल्याचा शेरा मिळाला तर तो आवर्जून जोडा. या क्षेत्रात नेतृत्व बरेचदा ‘नाही’ म्हणण्यात असतं आणि त्या ‘नाही’ची किंमत त्या माणसाने एकट्याने मोजलेली असते.

यासाठी तीन माणसांशी बोला. पहिला, त्यांच्या हाताखालचा सर्वांत कनिष्ठ लेखापाल: चूक सापडली की साहेब आधी काय विचारतात, हे त्याला विचारा. दुसरा, ज्याची मागणी परत गेली तो दुसऱ्या खात्याचा अधिकारी. त्यानेही चांगलं सांगितलं तर त्या शब्दांना वजन आहे. तिसरी व्यक्ती, त्यांच्या आधीच्या जागेवर आता काम करणारी. शुक्रवारच्या तपासणीसारखी त्यांनी घालून दिलेली पद्धत अजून चालू आहे का, ते तिला विचारा. बदलीनंतर तीन महिन्यांत सगळं पूर्वपदावर गेलं असेल तर ते तुम्हाला माहीत असायला हवं. काय फसलं तेही एका परिच्छेदात लिहा. एखादी सुधारणा मागे घ्यावी लागली असेल तर का, आणि त्यानंतर काय केलं ते सांगा. माझ्या पाहण्यात असा परिच्छेद असलेल्या शिफारशीवर समितीत मनापासून चर्चा होते.

लिहिणं त्या मानाने सोपं. पदं आणि बदल्यांचा इतिहास चार ओळींत संपवा. ‘कर्तव्यदक्ष’, ‘अष्टपैलू’ असले शब्द काढून टाका आणि वाक्य तरीही उभं राहतं का ते बघा. मसुदा वित्त विभागाबाहेरच्या कुणालातरी वाचायला द्या. ‘उचंत’ म्हणजे काय असं त्याने विचारलं तर अर्थ मजकुरातच सांगा. ज्यांनी रोजच्या दहा नोंदी जुळवल्या त्यांची नावं त्यांना विचारून आत घाला. सह्या, पानांची मर्यादा, फाईलचा आकार हे आदल्या दिवशीपर्यंत ठेवू नका.

शिफारस रवाना झाली की आकड्यांचं ते एक पान तारीख घालून कार्यालयाच्या दप्तरी लावा. निवड झाली नाही तर कुठे कमी पडलो ते समितीला विचारा आणि उत्तर त्याच पानामागे जोडा. अधिकाऱ्यांची बदली झाली तर त्यांच्या जागी येणाऱ्यांना रुजू होण्याच्या दिवशीच ते पान हातात द्या.