नाशिकमध्ये वकिली टिकवायची असेल तर या चुका टाळा

सनद मिळाली, कोट चढला, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात सिनियरच्या टेबलाला खुर्चीही मिळाली. तरी काही वर्षांत बरेच जण कंटाळून दुसरं काहीतरी धरतात. बार रूममध्ये त्यांची कारणं ऐकली तर त्यात कायदा येत नाही म्हणून गेलेला क्वचित सापडतो. फी बुडालेली असते, तारीख चुकलेली असते, नाहीतर आलेलं प्रत्येक काम घेऊन माणूस दमलेला असतो.

फी ‘बघू नंतर’वर सोडणं

निफाड-दिंडोरीकडचा पक्षकार ‘द्राक्षं निघाली की देतो, साहेब’ म्हणतो, तेव्हा तो बहुधा खोटं बोलत नसतो. छाटणीपासून बागेला नुसता खर्च असतो, पैसा दिसतो तो माल निघाल्यावर. गोची आपल्या बाजूने होते. आपण वकीलपत्रावर सही घेतो आणि संकोचापायी आकडाच बोलत नाही. मग व्यापाऱ्याने त्याला बुडवलं की पहिली कात्री आपल्या फीला लागते.

एक साधा कागद करा. एकूण फी किती, आज किती, बाकीचे हप्ते कोणत्या महिन्यात. कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्च वेगळा. अपील झालं तर त्याची फी वेगळी. हप्ते हंगाम बघून लावा, पण लिहून घ्या. पक्षकाराने कोर्टात भरायला दिलेली रक्कम स्वतःच्या पैशात मिसळू नका. तिचा हिशेब ठेवणं बार कौन्सिलच्या नियमांनी बंधनकारक आहे.

अपघाताच्या दाव्यात किंवा भूसंपादनाच्या मोबदल्यात ‘मिळेल त्यात इतके टक्के’ असं ठरवण्याचा मोह होतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत त्याला स्पष्ट मनाई आहे. आणि फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवण्याची जुनी खोड सोडाच. वकिलाला पक्षकाराच्या कागदांवर असा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० सालीच सांगितलंय. फाईल परत करा, नव्या वकिलाला ना-हरकत द्या आणि बाकी वसुली नोटीस देऊन करा.

तारखा डोक्यात ठेवणं

नवीन वकिलाकडे येणाऱ्या पहिल्या कामांत हमखास एक असतं ते चेक न वटल्याचं. सगळ्यात जास्त माती इथेच होते. समजा, चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी, म्हणजे रिटर्न मेमो, ३ मार्चला पक्षकाराच्या हातात पडला. नोटीस ३० दिवसांत, म्हणजे २ एप्रिलपर्यंत गेली पाहिजे. समोरच्याला ती ७ एप्रिलला मिळाली तर पैसे द्यायला त्याच्याकडे १५ दिवस, म्हणजे २२ एप्रिलपर्यंतचा वेळ. त्याने दिले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल व्हायला हवी. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून विलंबमाफी मागता येते. नोटीस चुकली तर त्याच मेमोवर चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ची तक्रार उभी राहत नाही. म्हणून पक्षकार समोर बसलेला असतानाच मेमोच्या पाठीवर पेन्सिलने या तारखा मांडा, मग चहा सांगा.

चूक झालीच असेल तर आधी चेकची तारीख बघा. तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर चेक पुन्हा बँकेत लावता येतो आणि नव्या मेमोपासून नोटिशीचे दिवस नव्याने सुरू होतात. तीही गेली असेल तर वसुलीच्या दाव्याचा रस्ता पक्षकाराला स्पष्ट सांगा.

कैफियतीचंही, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने द्यायच्या लेखी उत्तराचंही, असंच. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, फार तर ९० दिवस. साध्या दिवाणी दाव्यात त्यापुढेही कोर्ट कारण बघून, बहुधा खर्च बसवून, परवानगी देऊ शकतं. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर दार बंद. ‘नो डब्ल्यूएस’चा, म्हणजे कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा, आदेश झाला असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. तो रद्द करण्याचा अर्ज आणि तयार कैफियत एकदमच द्या.

येईल ते घेणं

सुरुवातीला सगळं करून बघावं, त्याला माझी हरकत नाही. पण सकाळी नाशिकला जामीन, दुपारी निफाडला उलटतपास आणि मध्येच तहसीलदारांपुढे फेरफाराची तक्रार, असा दिवस रोज काढला की एकाही कामाची तयारी होत नाही. दोन-तीन वर्षांत एक बाजू निवडा. या जिल्ह्यात पर्याय भरपूर आहेत. वाटपाचे दावे आणि सातबाराची भांडणं कधी संपत नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे कामगार न्यायालयात काम असतं. महसूल शिकायचं असेल तर प्रांताधिकाऱ्यांपुढची अपिलं स्वतः चालवा, एजंटांवर सोडू नका. फौजदारीत जाणाऱ्यांनी टेबलावर भारतीय न्याय संहितेसोबत जुनी दंड संहिताही ठेवावी. १ जुलै २०२४ पूर्वीचा गुन्हा जुन्याच कलमांखाली येतो.

बाकीचं काम त्या विषयातल्या मित्राकडे पाठवा. तोही तुमच्याकडे पाठवतो. फक्त त्यात कमिशन आणू नका.

रात्री अकराला फोन उचलणं

अटकेचा फोन असेल तर उचलाच. ‘तारीख काय पडली’ या फोनसाठी पक्षकाराला सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, लिहून द्या आणि ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर कसं बघायचं ते एकदा त्याच्या मुलाला दाखवा. अर्धे फोन थांबतात. स्टेटसला निकालाचे फोटो आणि ‘खात्रीशीर जामीन’ टाकणारे पोरं बघतो तेव्हा मला त्यांची काळजी वाटते. जाहिरातबाजी नियमात बसत नाही, आणि जामीन फेटाळला गेल्यावर तोच पक्षकार तो स्क्रीनशॉट घेऊन दारात उभा राहतो.

न्यायाधीश होऊ, हे गृहीत धरून वकिलीकडे दुर्लक्ष

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. नुसती सनद घेऊन क्लासला बसणाऱ्यांची पंचाईत वकिली केल्याचा दाखला आणायच्या वेळी होते. ज्यांच्या कोर्टात तुम्ही कधी उभेच राहिला नाहीत, त्यांच्याकडे तो कोणत्या तोंडाने मागणार? तेव्हा तुमची हजेरी असलेल्या रोजनाम्यांच्या, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदींच्या, नकला आणि स्वतः दाखल केलेली वकीलपत्रं पहिल्या वर्षापासून एका वेगळ्या फाईलला लावत चला.