मॅट्रिक्स-फलनाचं इष्टतम सन्निकटन काढताना या चुका टाळा

जायकवाडीचा पैठण डावा कालवा २०८ किलोमीटर लांब. वरचा दरवाजा उघडला तरी खाली पाणी पोचायला वेळ लागतो. हा उशीर मॉडेलमध्ये धरला की ऑर्डर (मॉडेलमधल्या अवस्था-चलांची संख्या) भराभर वाढते आणि मग ती कमी करावीच लागते. अभ्यासापुरते दोन दरवाजे आणि दोन ठिकाणच्या पातळ्या घेतल्या तरी २×२ ट्रान्सफर मॅट्रिक्स (कुठल्या दरवाज्याचा कुठल्या पातळीवर काय परिणाम होतो हे सांगणारं फलनांचं मॅट्रिक्स) झालंच.

चारही घटकांचं सुटं सुटं सन्निकटन करू नका. तिसऱ्या ऑर्डरचे चार तुकडे जोडले की मॉडेल बाराव्या ऑर्डरपर्यंत जाऊ शकतं, शिवाय घटकांची जोडगोळी कशी वागते हे कुणीच तपासलेलं नसतं. मॅट्रिक्स अखंडच घ्या.

दुसरी चूक सहज नजरेतून सुटते. एककवर्तुळावरच्या स्केलर (एकाच घटकाच्या) सतत फलनाला सर्वात जवळचं विश्लेषक फलन (वर्तुळाच्या आत कुठेच अनंत न होणारं, गुळगुळीत) एकच असतं. मॅट्रिक्सला तसं नाही. एककवर्तुळावर कर्णावर १/झेड आणि १/(२झेड) असलेलं मॅट्रिक्स घ्या. शून्य मॅट्रिक्स उत्तर धरलं तर त्रुटी, म्हणजे फरकाच्या मॅट्रिक्सची वर्तुळावरची सर्वात मोठी सिंग्युलर व्हॅल्यू (मॅट्रिक्स एखाद्या दिशेत किती ताणतं तो आकडा), १. दुसऱ्या जागी ०ऐवजी १/२ ठेवलं तरी त्रुटी १च! पण पहिल्या उत्तरात दुसरी सिंग्युलर व्हॅल्यू सगळीकडे १/२ राहते, तर दुसऱ्यात ती झेड = -१ला १ला भिडते. सॉफ्टवेअरने यातलं कुठलंही दिलं तरी ते ‘इष्टतम’च. म्हणून सगळ्या सिंग्युलर व्हॅल्यू क्रमाने कमी करणारं अति-इष्टतम उत्तर मागा. गणितज्ञ एन. जे. यंग यांनी १९८६मध्ये ही कल्पना मांडली; सतत मॅट्रिक्स-फलनांसाठी ते उत्तर एकमेव असतं, हे पेलर आणि यंग यांनी १९९४मध्ये दाखवलं.

ऑर्डर कमी करायला ग्रामियन (इनपुट आणि आउटपुटच्या बाजूने अवस्थांचं महत्त्व मोजणारी दोन मॅट्रिक्स) लागतात; ती निघत नसतील तर पोल (जिथे ट्रान्सफर फलन अनंत होतं ते बिंदू) बघा. कालव्याचा टप्पा पाणी साठवतो, म्हणून मूळबिंदूवर पोल येतो आणि ग्रामियन अस्तित्वातच नसतं. तो भाग वेगळा काढा, स्थिर भागाची ऑर्डर कमी करा, मग परत जोडा. दोन ग्रामियनचा गुणाकार करून आयगेन व्हॅल्यू मात्र काढू नका: सर्वात मोठीच्या सुमारे १०⁻⁸ पटीखालच्या हँकेल सिंग्युलर व्हॅल्यू (कुठली अवस्था किती महत्त्वाची हे सांगणारे आकडे) आकडे गोल करण्याच्या त्रुटीत बुडतात. त्याऐवजी ग्रामियनचे चोलेस्की घटक (एक प्रकारची वर्गमुळं) काढून त्यांच्या गुणाकाराचं एसव्हीडी (सिंग्युलर व्हॅल्यू विघटन) करा.

एकक आधी जुळवा. एक पातळी मीटरमध्ये, दुसरी सेंटिमीटरमध्ये असेल तर दुसरीच्या त्रुटीला शंभरपट वजन मिळतं.